निंबावरची वेल

हात नको लावजो, बेटा. फोटो काढ, लागतीन तितके काढ — पन पान नको तोडू. नाही नाही, जहर नाही ते. जहर असतं त मी तुह्यासमोर उभी राहून बोलून राहिली असती का? बस त्या खाटेवर. फाट्यावरून पायी-पायी आली, एवढ्या उन्हाची. पानी पे आधी. मेश्राम मॅडमची विद्यार्थिनी म्हनते ना तू — नाव काय सांगितलं? टीना. मॅडमनं पाठवलं त हे घर तुहंच समज. जंगलातल्या सगळ्या वेली लिहून घेऊन राहिली का? चांगलं आहे. आमच्या इकडं कोनत्या वेलीची कमी आहे — पळसवेल आहे, माहूल आहे, कांगुनी आहे, खाजकुयरी आहे, तिच्याखालून नको जाजो, अंगावर उडाली त घरी जाईपर्यंत नाचत जाशीन. पन हे निंबावरचं वेल — हे लिहाचं असन त नीट लिही. काय म्हनते तुहा मोबाईल? दाखव. गुळवेल. हो. अन् हे इंग्रजी नाव, टिनो… टिनोस्पोरा, हो, मॅडम बोलल्या होत्या तेच. अन् इथं खाली हे काय आहे? बहुतेक? 'बहुतेक गुळवेल'? — काट ते. काट म्हनलं ना. बहुतेकनं नाही चालत. त्या एका बहुतेकनं आमचं घर मोडायले आलं होतं.

पाय इकडं, नजर लावून. पान पाय — नागवेलीच्या पानासारखं, पन पातळ. आता लाव हात, मीच सांगून राहिली. मागून बोट फिरव. लव लागते का? नाही लागत. लव असती त तिची बहीन झाली असती, तेबी आपल्याच जंगलात आहे, नाल्याकडं. मंग दांडी पाय. हे वरची साल कागदासारखी सुटते, नखानं काढ थोडीशी — दिसलं खाली हिरवं? अन् अंगावर फोडं आहेत का? नाहीत. एक तिसरी असते, तिच्या अंगावर चामखिळासारखे फोडं असतात, तेबी कडूच, लोकं हौसेनं लावतात. मॅडम म्हने, ते पेऊन काही जनाच्या लिवरवर सूज आल्याचं लिहून आहे. म्हनून सांगून राहिली, पाहाचं त नीट पाहाचं. आडवी कापली का आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. अन् हे सुतळीसारखं लोंबून राहिलं ना वरून जमिनीपर्यंत — हे मूळ आहे. हो, वरून खाली येते. कसं, ते सांगीन.

तू अशी काहून पाहून राहिली पन माह्याकडं? वेल सोडून माह्याकडंच पाहून राहिली मघापासून. कोनी काही बोललं का रस्त्यात? — बोल, लाजू नको. पानठेल्यावर? घर विचारलं त काय म्हनला तो? 'ज्या घरी बुढीनं पोराले काढा पाजून मारला, तेच ना?' असंच म्हनला ना? अन् हसलाबी असन. जाड मिश्या, गळ्यात दुपट्टा? घनश्यामच तो. आमचाच आहे, परका नाही, माह्या मालकाचा चुलत भाऊ. सगळं होऊन गेलं, सगळ्याईनं कानानं ऐकलं, डोळ्यानं पाहिलं, तरी तो त्या पानठेल्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याले तेच सांगते. सांगू दे. पन तू ऐकून आलीच आहेस त आता माह्याबी तोंडून ऐकून जा, अर्धी गोठ घेऊन नको जाऊ नागपूरले.

मारला म्हनते तो, तो माहा मालक. जीवन नाव त्याईचं. नावच घ्यावं लागते आता, नाही घेतलं त लोकं आपल्या मनानं नाव ठेवतात. धान कापनीचे दिवस होते. मानूस कसा होता म्हनशीन त — हट्टी. चांगला, पन हट्टी. अंगात ताप, डोळे लाल, अन् म्हने बांधीतला धान उभाच आहे, पानी आलं त उभ्या-उभ्या कोंब येतीन, कापून झालं का जाऊ दवाखान्यात. मी म्हनलं, चाला कोंढा गावाले, दुकानातून गोळी तरी घ्या. गोळी आनली त्याईनं, गेले, आनली, खाल्ली, अन् पुन्हा बांधीत. ताप उतरे अन् चढे. मंग माय — माह्यी सासू, धुरपताबाई, हेच जे आता शेळी घेऊन गेली बोडीच्या पान्यावर — ते म्हने, मी गुळवेलीचा काढा करून देते. तिच्या मायकडून शिकलेली. आधीबी द्यायची गावातल्या लेकरायले, मोठ्यायले. पन ते जुनं वेल होतं ना कुंपनावरचं, ते घरकुल बांधताना गेलं. मंग हे — हे निंबावरचं — तिनं जंगलातून तुकडा आनून खोचला होता, अन् आताशी कुठं अंगठ्याएवढं जाड झालं होतं. पहिल्यांदाच तोडलं त्या दिवशी. समजलं का? पहिल्यांदाच. अन् बुढीच्या डोळ्यात तवा मोतीबिंदू. आता काढला, तवा होता.

मंग काय. काढा पेले. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे. मंग श्वास लागला, मंग बडबड — धान, धान, पेंड्या बांधा, हेच. घनश्यामच्याच गाडीत टाकून नेलं भंडाऱ्याले. मी खोटं नाही बोलत, त्याच्याच गाडीत, अन् तो चालवतबी होता जिवाच्या आकांतानं, रडत होता. भाऊच तो. तिथं डॉक्टर तरुन, चांगला मानूस, त्यानं तपासलं, पोट दाबलं, अन् विचारलं — 'घरी काय दिलं होतं? कोनती जडीबुटी दिली का?' इचारायलेच पाहिजे त्यानं, त्याचं कामच आहे. बुढी म्हने, गुळवेल दिली. तो म्हने, 'नक्की गुळवेलच होती का?' — अन् बुढी थांबली. एवढीशी थांबली, बेटा. मानूस घुटका गिळते एवढी. अन् मंग म्हनली, बहुतेक.

बस. तेवढंच. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. घनश्याम उभा होता, शेजारची शकुनबाई आली होती संगं, ते उभी होती. डॉक्टर आपल्या कामाले लागला. त्याले मालकाच्या काखेत एक काळा डाग दिसला, बिडीचा चटका बसल्यासारखा, त्यानं नर्सले दाखवला, रक्त घेतलं, सुई चालू केली. पन त्याईचं तवापर्यंत सगळं आतून गेलं होतं, किडनी, लिवर, सगळं. तिथंच गेले.

रडून नाही राहिली मी. डोळे असेच आहेत माहे, उन्हानं पानी येते. — पे ना पानी, ठेवलं कायले.

मानूस जाळून आलो अन् घरी पोचायच्या आत गोठ गावात पोचली होती — धुरपतानं पोराले चुकीचं वेल पाजलं. पहिले 'चुकीचं' होतं. दोन दिवसानं 'चुकीचं'चं 'जहरी' झालं. मंग शकुनबाईनं आनखी एक टोक लावलं — बुढी अमावस्येले जंगलात जाते म्हने, मुळ्या आनते, करनी करते. करनी! आमच्या घरी! आमच्या आजसासऱ्यानं छप्पन साली घरचे देव टोपल्यात घालून वैनगंगेत सोडले, या गावात पहिला तो, हे शकुनबाईच्याच सासऱ्यानं मले सांगितलं होतं लग्नात. अन् त्याच्याच घरच्या सुना करनी बोलतात? मी म्हनलं तिले तोंडावर, बाई, विहारात दर पौर्णिमेले वंदनेले पुढं बसते तू, मंग हे कुठून शिकली? त म्हने, 'माहं काय, लोकं बोलतात.' लोकं! लोकं म्हंजे कोन असते सांग मले? आपलंच तोंड असते, दुसऱ्याच्या नावानं उघडते.

बुढी? कोनी तोंडावर बोललं का ते उठून चुलीकडं जाये. जेवेना. चुलीसमोर बसे अन् राख उकरे. मले एकदा वाटलं का हिले विचारावं — माय, खरं सांग, तेच वेल होतं ना? नाही विचारलं. जिचा पोरगा गेला तिले काय विचारू? माहा मालक गेला, पन तिचा त पोटचा गेला. अन् ते मले विचारायले पाहिजे होती का नाही, का ललिता, तू कायले नाही थांबवलं? तिनंबी नाही विचारलं. दोघी एका घरात, एका ताटात वाढलेलं अर्धं-अर्धं टाकून देत होतो कुत्र्याले.

मंग गेलेल्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा दिवस. आंगनात मंडप, भंतेजी येऊन गेले, वंदना झाली, लोकं जेवले. माहा भाऊ आला होता, अंकुश, लाखांदूरकडून, मले न्यायलेच आला होता, पिशवी भरून ठेव म्हने. लेकरू नाही मले, इथं राहून काय करशीन म्हने. अन् लोकं उठाच्या आत घनश्याम उभा राहिला. मोठ्यानं नाही बोलला, तेच जास्त वाईट. म्हने, 'वहिनी जाऊन राहिली माहेरी, मंग हे घर, हे बांधी, हे सगळं या बुढीच्या हातात देवाचं का? जिनं पोरगा खाल्ला तिच्या हातात? आपल्या लेकराईले उद्या काय पाजन हे? तिले तिच्या पोरीच्या घरी पाठवा, नाही त जिकडं जाची तिकडं जाऊ द्या. अन् हे वेल आजच मुळापासून काढा.' पाय, मले राग घनश्यामचा नाही आला तितका. बाकीच्याईचा आला. ज्याईच्या लेकराले तिनं रात्र-रात्र बसून शेक दिला, ते सगळे आपल्या-आपल्या चपला पाहून राहिले होते. अन् बुढी उठली. उठली अन् आत गेली अन् आपलं लुगडं बांधायले लागली गठोड्यात.

मंग मी उठली.

कोयता घेतला. सगळ्याच्या मधून चालत आली इथं, या निंबाखाली. हे वेल तोडलं — मालकासाठी तोडलं होतं त्याहून मोठा तुकडा. मंडपातच स्वयंपाकाची चूल पेटून होती, तिच्यावरचं भाताचं गंज उतरवलं, दुसऱ्या गंजात पानी मांडलं, पाट्यावर वेल ठेचलं अन् टाकलं. अंकुश म्हने, काय करून राहिली? काही नाही, म्हनलं, काढा करून राहिली. बस. उकळू दिलं, चांगलं उकळू दिलं, अर्धं आटलं. लोकं उठलेले पुन्हा बसले. ग्लासात ओतलं अन् घनश्यामच्या समोर उभी राहिली. म्हनलं, भाऊजी, पहा, तेच वेल, त्याच निंबावरचं, त्याच बुढीच्या हातानं लावलेलं. अन् पेली. पूर्न ग्लास. कडू — बेटा, असं कडू का जीभ आपली नाहीच असं वाटलं. पेली अन् ग्लास उलटा करून दाखवला. म्हनलं, आता बसा सगळे. कोनी जाचं नाही. मी मेली त हिले बांधून पोलिसात न्या, मी काही म्हनायले येनार नाही. नाही मेली, त या घराच्या उंबऱ्यावर येऊन पुन्हा कोनी 'बाहेर' म्हनाचं नाही. बसा.

अंकुश रडून राहिला, फटफटी काढतो म्हने, दवाखान्यात नेतो म्हने. मी त्याले खाली बसवलं. घनश्याम म्हने, 'नाटक आहे.' मी म्हनलं, नाटक असन त फुकटचं आहे, पहा. अन् ते बसले ना! खरंच बसले! एखादी बाई मरते का नाही ते पाहायले सगळं गाव आंगनात बसून होतं. बसून-बसून कंटाळले. कोनीतरी म्हने, चहा असता त… अन् मीच उठली, मीच मांडला. हसू नको, खरं सांगून राहिली. मरनाऱ्या बाईच्या हातचा चहा पेले ते, साखर कमी आहे म्हनून बोललाबी एक जन. एकट्या शकुनबाईनं नाही घेतला. तिले वाटलं असन मी त्यातबी टाकलं. ऊन कलंडलं, गायी घरी आल्या, मले काहीच नाही झालं. भूक लागली फक्त. सगळ्याईसमोर भात घेतला अन् जेवली. लई दिवसानं जेवली. अन् मंग एक-एक जन धोतर झटकून उठला अन् गेला, अन् मी अंकुशले म्हनलं, भाऊ, पिशवी रिकामी कर, मी येत नाही.

तुले वाटते का तिथं संपलं? छ्या. लोकं अशी थोडीच सोडतात. दुसऱ्या दिवसापासून — 'तिची तब्येत मजबूत आहे म्हनून वाचली', 'निरोगी मानसाले जहर चढत नाही', 'तिनं दुसरंच वेल टाकलं असन'. दवाखान्याचा रिपोर्ट आला नंतर, अंकुशनं आनला. स्क्रब टायफस. गवतात, धानाच्या बांधावर बारीक किडा असते म्हने, डोळ्याले न दिसनारा, तो चावते, चावते तिथं काळा डाग पडते अन् ताप भरते. तोच डाग, काखेतला. वेळेवर गेलं असतं त साध्या गोळ्यायनं बरा होते म्हने मानूस. साध्या गोळ्यायनं. — रिपोर्ट वाचून दाखवला गावात, त घनश्याम म्हने, 'किडा चावला असन, पन वरून बुढीच्या वेलानं घाई केली.' आता याले काय करशीन? मंग मीबी जिद्दीले पेटली. म्हनलं, या वेलाचं नाव मी अशा मानसाच्या तोंडून काढीन का तुमची तोंडं बंद होतीन. बचत गटाच्या कामानं पवनीले जायची मी, तिथं कोनीतरी सांगितलं का कॉलेजात वनस्पतीच्या मॅडम आहेत — याच तुह्या मेश्राम मॅडम, नागपूरले जायच्या आधी. गेली. पिशवीतून फांदी काढून त्याईच्या टेबलावर ठेवली. त्याईनं मले बसवलं, चहा दिला, सगळं ऐकलं. सगळं — म्हंजे जेवढं सांगितलं तेवढं. फांदी कापून भिंगातून पाहिली, मलेबी दाखवले ते चाकाचे आरे. अन् म्हनल्या, 'ललिताताई, मला तर गुळवेलच दिसतेय. पण तुम्ही ज्यासाठी विचारताय, त्यासाठी मी नुसत्या पानावरून शब्द देणार नाही. फूल येऊ द्या. फूल आलं की मी स्वतः येते.' मले तवा राग आला होता. घरी येताना एसटीत विचार केला, मंग समजलं. बाकीचे सगळे न पाहता सांगत होते, अन् या बाईले पाहूनबी आनखी पाहाचं होतं.

म्हनून थांबली. अन् थांबून राहिली तवाच एका सकाळी उठून पाहते त वेल बुडातून कापलेलं. इथं, एवढ्या उंचावर. खालचं खोड उपटून उकिरड्यावर, अन् वरचं सगळं निंबावर तसंच लटकून. कोनं कापलं मी नाही विचारलं. कोनाले विचारू? बुढी पाहून आली अन् म्हने, राहू दे. मी रडली त्या दिवशी, खरं सांगते, मालकाच्या वेळेस नाही रडली एवढी रडली, का आता फूल येत नाही, आता मॅडम येत नाहीत, आता हे 'बहुतेक' जन्मभर राहीन. पन हे वेल वाळलंच नाही ना! पानं गळले, पन दांडी हिरवीच. अन् थोड्या दिवसानं वरून हा एक दोरा निघाला, सुतळीसारखा — हाच, जो तू पाहून राहिली — अन् रोज खाली-खाली. मी रोज पाहायची. अधांतरी लोंबायचा, जमीन शोधत. टेकला, अन् धरली माती. मॅडम म्हने, या वेलीची रीतच आहे ती. असन. मले काय मालूम रीत का फीत, मले त वाटलं हेबी माह्यासारखंच जिद्दी आहे.

अन् फुललं. होळीनंतर, बारीक पिवळे फुलं, पान एक नाही अन् घोसच्या घोस. मॅडम आल्या. एकट्या नाही, दोन शिडी धरनारे मुलं घेऊन. स्वतः चढल्या, साडी खोचून. फुलं भिंगातून पाहिली, म्हने नर आहे हे वेल, नराची अन् मादीची वेगळी असतात, म्हनून याले लाल फळं येनार नाहीत. मंग विहारासमोर लोकं जमवले अन् तिथं सांगितलं, माईक नाही काही नाही — 'ही गुळवेल आहे. बहुतेक नाही. आहे. हिच्यानं जीवनभाऊ गेले नाहीत. पण ऐका, तापाला वेल पीत घरी बसणं बरोबर नाही, त्या दिवशी दवाखान्यात गेले असते तर वाचले असते.' दोन्ही बोलल्या. मले दुसरं नाही आवडलं ऐकायले, पन खरं होतं. म्हनून आता कोनी आलं ना, शुगरले द्या, तापाले द्या, गुडघ्याले द्या — येतात, तेच लोकं येतात आता, शकुनबाईबी आली होती — मी पान देत नाही. दवाखान्यात जा म्हनते. बुढीबी देत नाही. वेल आहे, पाहाले आहे.

घनश्याम? त्यानं ऐकलं अन् निघून गेला. माफी? कुठची माफी. मॅडमच्या तोंडावर नाही बोलला एवढंच. पन पानठेला आहे ना त्याले. मी त्याच्यावर आता राग नाही धरत — म्हंजे धरते, पन दुसरा. त्याचा भाऊ होता तो, त्याच्या गाडीत गेला. त्याले कोनीतरी पाहिजे होतं दोषी धरायले. पन त्यासाठी मी माह्यी सासू देनार नाही. असंच म्हन त्याले जाताना. म्हन, ललितानं सांगितलं आहे.

बुढी? ते आता येईन बघ, शेळी घेऊन. तिले भेटशीन त तेबी हेच सांगीन तुले, पन तिची गोठ लहान असते. सगळ्यायले सांगते, बाजारात, एसटीत, डोळ्याच्या ऑपरेशनले गेली त तिथल्या डॉक्टरलेबी सांगितलं — 'माह्या सुनेनं माह्यावर इस्वास ठेवला. साऱ्या गावानं नाही ठेवला, तिनं ठेवला. ग्लासभर पेली.' असं म्हनते अन् पदर तोंडाले लावते. मंग मी उठून आत जाते.

काय? — काय म्हनलं तू? मले शंका नोती का म्हनते? जरासी पन नोती का?

हुशार आहेस. मॅडमनंबी नाही विचारलं हे.

आता पाय. तुले वेली पाहाचं शिकवलं, पान, लव, साल, सगळं. मले तवा यातलं काय येत होतं? काही नाही. मी धानवाली बाई. मी कोयता घेऊन या निंबाखाली आली ना, त्या दिवशी, त मी वेलीकडं पाहिलंबी नाही. हाताले लागलं ते तोडलं. बुढी डॉक्टरसमोर 'बहुतेक' म्हनली तवा मीबी तिथंच उभी होती ना. तिचं थांबनं मीबी ऐकलं ना. मलेबी वाटत होतं, असन जहर. रोज वाटत होतं. उकळत होतं तवा मी विचार करून राहिली होती का — असन त असन. असलं त चांगलंच. मालक गेले, लेकरू नाही, भाऊ पिशवी घेऊन उभा. घेऊन जाईन, त्याच्या बायकोच्या चुलीमागं बसवीन. असन जहर त सुटली मी, अन् नसन त बुढी सुटली. दोघीपैकी एक त सुटतेच. असा हिशेब होता माहा. इस्वास-बिस्वास काही नोता, बेटा. चहा मांडला ना मी, तो वेळ सरावा म्हनून मांडला. वाट पाहून राहिली होती मी. अन् भूक लागली तवा — तवा मले राग आला. का आता पुन्हा उद्या उठाचं आहे.

आता नाही तसं. आता नाही वाटत. असं नको पाहू माह्याकडं. आता रोवना असते, कापनी असते, बचत गट आहे, बुढी आहे, तिच्या डोळ्यात थेंब टाकाचे असतात. आता कोनी मरायले सांगितलं त त्यालेच मारीन मी. पन तवाचं जे आहे ते आहे. अन् हे तिले नाही मालूम. तिले हे कधी नाही सांगनार मी. ते बिचारी त्या एका गोठीवर जगून राहिली, माह्या सुनेनं इस्वास — 

माय?

तू… कवा आली? शेळीचा आवाजबी नाही आला. — हे टीना आहे, मॅडमनं पाठवली, वेली पाहाले — कवाची उभी आहेस दाराशी? अं? ते जाऊ दे, ते मी असंच बोलून राहिली होती, शहरातली पोरगी आहे, तिले गोठ मोठी करून — 

काय म्हनते?

मालूम होतं? — तुले मालूम होतं? कवापासून? त्याच दिवशी? कशावरून? मी ग्लास उलटा केला तवा तोंड पाहून समजलं म्हनते… मंग, माय, मंग तू गावभर सांगत कायले फिरली? इस्वास, इस्वास म्हनून? — माह्यासाठी? लोकं मले काही म्हनू नये म्हनून? मी जीव द्यायले पेली असं कोनी म्हनू नये म्हनून?

अन् काय? — हळू बोल, काय म्हनलं? गंजात उरलं होतं ते? काढा? अर्धं गंज होतं ते… मी त ओतून द्यायले गेली त गंज रिकामंच होतं, मले वाटलं कोनी सांडलं. तू पेली? आत नेऊन? लोकं इथं आंगनात बसून होते तवा?

माय, तुह्या हातचं वेल. तूच आनलं, तूच लावलं. तुले त मालूम होतं ना? अं? तुले त नक्की मालूम होतं ना का ते — 

नाही म्हनून मान हालवते? तुलेबी नोतं मालूम?

नको बोलू. बस. इथं बस माह्याजवळ.

टीना, बेटा, तू जा आता. झाले ना फोटो. नाही, काही नाही झालं, जा तू. जा म्हनलं ना.